मोरचुदाने सोडलेली जागा

देविका राजहंस दुपारचं जेवण एकटीच जेवत होती, तेव्हा हेरंब मिरीकरचा फोन आला. पोहण्याच्या तलावाच्या लायनरला डाग पडलेत, रविवारी घर बघायला पार्टी येतेय, तोपर्यंत ते बिल्कुल गेले पाहिजेत, असं त्याने एका दमात सांगितलं.

"कसले डाग?" देविकाने विचारलं.

"हिरवे. आणि एक तपकिरी. ब्रशने जात नाहीत."

मराठी माणसाचा फोन आला की देविका नाही म्हणत नसे. पंचवीस वर्षं तिने फरीदाबादच्या एका रंगांच्या कारखान्यात रसायनं तपासली होती. कारखाना बंद झाला, त्याच वर्षी नवराही गेला. आता ती बोअरवेलचं पाणी तपासायची आणि तलावांचे डाग काढायची. मुलगी बंगळुरूला होती. दिवसभर हिंदीत बोलायचं आणि रात्री मुलीचा फोन आला तर चार वाक्यं मराठीत, एवढंच तिचं बोलणं उरलं होतं.

गुरुवारी सकाळी ती सूरजकुंडच्या बाजूला, अरवलीच्या पायथ्याशी असलेल्या त्या बंगल्यात पोचली. बाग वाळली होती. व्हरांड्यावर धुळीचा थर होता. वॉकरला धरून उभे असलेले तात्याराव मिरीकर एक्क्याऐंशी वर्षांचे होते. तलाव त्यांनी नातवंडांसाठी बांधला होता, पण नातवंडं त्यात दोनदाच पोहली होती. मुलगा सिंगापूरला, मुलगी शालिनी गुरुग्रामला. हेरंब त्यांचा पुतण्या. घटस्फोटानंतर तो वरच्या खोलीत राहायला आला होता आणि घरूनच कंपनीचं काम करायचा.

तलाव लहान होता. आतून टाईल्सऐवजी फिकट निळ्या प्लॅस्टिकचं जाड अस्तर, म्हणजे लायनर, लावलेलं होतं. ते सुरकुतू नये म्हणून गुडघाभर पाणी ठेवून बाकीचं काढून टाकलं होतं. देविका गमबूट घालून आत उतरली.

सगळ्या तळावर हिरवट झाक होती. फक्त घराकडच्या कडेपासून हातभर अंतरावर पंजाएवढा तपकिरी डाग होता.

तिने खिशातून व्हिटॅमिन सीची गोळी काढली, वाकून पाण्याखाली त्या डागावर घासली. तपकिरी रंग लगेच फिका झाला. म्हणजे लोखंड. दुसरी गोळी हिरव्या भागावर घासली. काहीच झालं नाही. म्हणजे तांबं.

"पाण्यात मोरचूद टाकलं होतंत?" तिने काठावरच्या हेरंबला विचारलं.

"हो. शेवाळ झालं होतं. तळ दिसत नव्हता."

"कधी?"

"भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. पंपाच्या खोलीत भिंतीवर तारीख लिहिलीय."

"किती?"

"दोन किलो. जास्त झालं का?"

"फारच. या तलावाला मूठभर पुरलं असतं. नंतर परत टाकलंत?"

"नाही. आठवडाभरात पाणी एकदम काचेसारखं झालं. मग टाकायची गरजच पडली नाही."

देविकाने गोळ्यांचा चुरा एका जुन्या मोज्यात भरला आणि तपकिरी डागावर दाबून धरला. दहा मिनिटांनी मोजा उचलला.

गंज गेला होता. त्याखाली हिरवी झाक नव्हती. तिथे लायनरचा मूळचा फिकट निळा रंग तसाच होता, आणि त्या निळ्या जागेला आकार होता. एक कडं. कड्यापासून फुटलेल्या चार जिभा. त्यातल्या सर्वांत लांब जिभेच्या टोकाला दाते.

किल्ल्यांचा जुडगा.

ती बराच वेळ वाकून बघत राहिली. मग तिने फोनवर तीन फोटो काढले. हेरंबला काही बोलली नाही.

चहा तात्यारावांनी स्वतः केला. कपात साखर विरघळली नव्हती. पाच वर्षं घरात बाई होती, त्यामुळे सवय गेली, असं ते म्हणाले.

"आता नाही का ती?"

तात्यारावांनी कप खाली ठेवला. मग सांगायला लागले, आणि थांबेचनात. बऱ्याच दिवसांत त्यांना कोणी काही विचारलं नसावं.

बाईचं नाव पार्वती. हिंगोलीकडची, विधवा. तात्यारावांच्या पत्नी कुसुमावती अंथरुणाला खिळल्या तेव्हा ती आली आणि त्या गेल्यावरही राहिली. घरातल्या सगळ्या किल्ल्या तिच्या कमरेला असत. कुसुमावतींच्या खोलीतल्या लोखंडी कपाटाचीसुद्धा. त्या कपाटात त्यांचे दागिने होते. पाटल्या, तोडे, वज्रटीक.

भाऊबीजेला शालिनी हेरंबला ओवाळायला आली. आईच्या पाटल्या तिने दिवसभर घातल्या. संध्याकाळी सर्वांसमोर त्या परत ठेवल्या गेल्या आणि पार्वतीने कपाटाला कुलूप लावलं.

"त्यानंतर कपाट कोणी उघडलं?"

"कोणी नाही. रोज झोपण्याआधी मी त्या खोलीत जातो. कपाटाची मूठ ओढून बघतो. आमच्या हिची सवय होती, ती मी चालू ठेवली. तुळशीच्या लग्नाच्या आदल्या रात्रीसुद्धा बंद होतं."

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी दुपारी चार वाजता ते चांदीचं निरांजन घ्यायला त्या खोलीत गेले. कपाटाचं दार अर्धवट उघडं होतं आणि दागिन्यांचा डबा नव्हता. कुलूप फोडलेलं नव्हतं. शेजारची माणसं पूजेला यायची होती. शालिनी सकाळपासून आलेली होती. आधी पूजा होऊ दे, मग बघू, असं ती म्हणाली. साडेसहाला तुळशीचं लग्न लागलं.

पाहुणे गेल्यावर पार्वतीकडे किल्ल्या मागितल्या. ती रडायला लागली. जुडगा दहा दिवसांपासून सापडत नाही, भीतीपोटी सांगितलं नाही, असं म्हणाली. शालिनी घरीच राहिली होती. दोन दिवसांनी तिने पार्वतीची ट्रंक उघडली. तळाशी, साडीच्या घडीत, जुडगा होता.

"दागिने?"

"नाही मिळाले. पोलिसांत तक्रार दिली. दोन दिवस चौकीत बसवून ठेवलं तिला. मग सोडलं. केस अजून आहे."

"त्या कपाटाला दुसरी किल्ली होती?"

"शालूकडे होती. दोन वर्षांपूर्वी घर बदलताना हरवली तिच्याकडून."

देविकाने जुडगा बघायला मागितला. तो टेबलाच्या खणातच होता. पोलिसांनी बघून परत दिला होता. कडं आणि चार किल्ल्या, सगळ्यांवर गंजाची साल. कपाटाची किल्ली सर्वांत लांब होती.

"ही इतकी गंजलेली कधीपासून?"

"ट्रंकेतून निघाली तेव्हापासून. ट्रंक दमट असेल."

मग तात्यारावांनी फोन काढला. पार्वती कशी दिसते ते दाखवायचं होतं त्यांना. शालिनीने तुळशीच्या लग्नाचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला होता, खाली वेळ होती सहा बेचाळीस. दिव्यांनी उजळलेलं वृंदावन. डाव्या कडेला प्रसादाचं ताट धरून एक सावळी, किडकिडीत बाई. वृंदावनामागे तलावाचं स्वच्छ पाणी, दिव्यांच्या उजेडात तळापर्यंत दिसणारं. काठाजवळ तळाशी झाडाच्या पानासारखं काहीतरी काळं.

"हा रोज बघता?" देविकाने विचारलं.

"दुसरा फोटो नाही तिचा," ते म्हणाले.

तिने तो फोटो स्वतःच्या फोनवर मागून घेतला. निघताना हेरंब फाटकापर्यंत आला. पार्वतीबद्दल विचारल्यावर तो अवघडला. वाईट झालं यार, म्हणाला. पण तो स्वतः त्याच रात्री, पूजेनंतर, ऑफिसच्या कामाला हैदराबादला गेला होता. पाच दिवसांनी परतला तोवर पार्वती गेलेली होती.

"घरात काही बोलणं झालं होतं का? पार्वतीवरून?"

हेरंबने घराकडे एकदा बघून घेतलं. "भाऊबीजेला जेवताना काका बोलून गेले. कुसुमकाकूच्या पाटल्या पार्वतीला द्यायच्यात. तिने काकूचं सगळं केलं म्हणून. आणि ते आहेत तोवर घर विकायचं नाही, पार्वती आहे, जमतंय, असं म्हणाले."

"यावर कोण काय म्हणालं?"

"कोणीच काही नाही. शालूताई ताट घेऊन उठली."

रात्री देविकाने दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघितले. आपल्याला डाग काढायला बोलावलंय, हे तिने स्वतःला दोनदा सांगितलं. मग सकाळी मेट्रोने करोल बागेला गेली. पार्वती तिथे एका खाणावळीत पोळ्या लाटते, एवढं हेरंबकडून कळलं होतं.

खाणावळ दुसऱ्या मजल्यावर होती. लातूर, बीड, परभणीची मुलं तिथे जेवायची. परीक्षांची पुस्तकं उघडी ठेवून, एकमेकांशी न बोलता. पार्वती आतल्या खोलीत होती. फोटोतल्यापेक्षा वाळलेली. मिरीकरांचं नाव ऐकताच तिने लाटणं खाली ठेवलं.

"मला काही माहीत नाही, ताई. पोलिसांना सगळं सांगितलंय."

"मी पोलिसांकडून नाही आले. मी तलाव साफ करते. जुडगा शेवटचा कधी बघितलास?"

"भाऊबीजेच्या रात्री. कपाट लावलं तेव्हा."

"त्यानंतर सकाळी काय काय केलंस? आठवून सांग."

तिला आठवायला लागलं नाही. तीन महिने ती तेच आठवत होती. सकाळी उठून तिने अंगण झाडलं. आदल्या रात्री शालिनीच्या मुलीने तलावात पणत्या सोडल्या होत्या. त्या काठाशी तरंगत होत्या. मग हेरंबदादा औषध टाकणार म्हणून तिने त्या काढल्या.

"कशा काढल्यास?"

"काठावर पालथी पडून. हाताने."

"जुडगा कमरेला होता?"

पार्वती तिच्याकडे बघत राहिली. तिचा हात आपोआप कमरेकडे गेला.

"पाणी हिरवं होतं," ती हळूच म्हणाली. "हात बुडला की दिसत नव्हता."

"आवाज नाही आला?"

"हेरंबदादांनी पंप लावला होता."

"एवढे दिवस तू कोणाला काहीच कसं सांगितलं नाहीस?"

"तात्यांचा विश्वास होता ना," ती म्हणाली. "तो जाईल असं वाटलं."

शनिवारी तीन वाजता देविकाने सर्वांना तलावाच्या काठाशी बोलावलं. कामाबद्दल दाखवायचंय, घर विकणाऱ्यांनी बघायला हवं, एवढंच सांगितलं होतं. शालिनी गुरुग्रामहून आली. पन्नाशीची, नीटनेटकी, सारखी घड्याळ बघणारी. तात्यारावांसाठी ग्रेटर नोएडाला एक चांगली जागा पाहिली आहे, तिथे सोबत असेल, असं तिने आल्याआल्याच सांगितलं. तात्याराव खुर्चीत बसले.

"तळाकडे बघा," देविका म्हणाली. "हिरवट रंग आहे तो मोरचुदाचा. जिथे जिथे पाणी लायनरला लागलं, तिथे तांबं बसलं. ही एवढी जागा मात्र सुटली. कारण मोरचूद टाकलं तेव्हा तिच्यावर काहीतरी पडलेलं होतं."

तिने खणातला जुडगा हातात घेतला होता. गमबूट घालून ती उतरली आणि तो पाण्याखाली त्या निळ्या जागेवर ठेवला. कड्यावर कडं बसलं. किल्ल्यांवर किल्ल्या बसल्या.

हेरंब पुढे वाकला. तात्यारावांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

"म्हणजे ट्रंकेत सापडला तो जुडगा," देविका म्हणाली, "त्याआधी इथे होता. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पार्वती पणत्या काढायला वाकली तेव्हा तो पडला. त्याच सकाळी हेरंबनी औषध टाकलं. जुडगा तिथेच गंजत राहिला. ट्रंक दमट नव्हती, तात्या."

"ठीक आहे, पडला असेल," शालिनी म्हणाली. "नंतर तिने काढला. पाणी साफ झाल्यावर दिसला असेल तिला. काढून कपाट उघडलं."

"मीही आधी तसंच धरून चालले. म्हणून कधी काढला ते शोधलं."

देविका वर आली, हात पुसले आणि फोन तात्यारावांच्या हातात दिला. तुळशीच्या लग्नाचा फोटो मोठा केलेला होता. काठाजवळचं ते काळं पान आता पान दिसत नव्हतं. कडं दिसत होतं.

"हा फोटो सहा बेचाळीसचा. कपाट उघडं सापडलं चार वाजता. आदल्या रात्री तात्यांनी मूठ ओढून बघितली होती, ते बंद होतं. म्हणजे ज्या दिवशी कपाट उघडलं गेलं, त्या दिवशी पार्वतीची किल्ली तलावाच्या तळाशी होती. कुलूप फोडलेलं नाही. मग ते दुसऱ्या किल्लीने उघडलं. आणि दुसरी किल्ली या घरात एकाच माणसाकडे होती."

पलीकडच्या रस्त्यावरून भाजीवाल्याची हाक आली आणि दूर गेली.

"ती हरवली," शालिनी म्हणाली.

"फोटोनंतर दोन दिवसांत कोणीतरी जुडगा पाण्यातून काढून ट्रंकेत ठेवला," देविका पुढे म्हणाली. "हेरंब त्याच रात्री हैदराबादला गेले. तात्या वॉकरशिवाय काठावर उभे राहू शकत नाहीत. पार्वतीला तो मिळाला असता, तर तिने धावत येऊन दाखवला असता. तोच तिला वाचवणार होता. ते दोन दिवस घरात आणखी एकच माणूस होतं."

तात्याराव फोटोकडेच बघत होते. "शालू," ते म्हणाले. एवढंच.

शालिनीने पर्स मांडीवर घट्ट धरली होती. मग ती बोलली. तिने ठरवून काही केलं नव्हतं, असं म्हणाली. हरवलेली किल्ली नंतर सापडली होती आणि पाटल्या तेवढ्या हव्या होत्या. वॉकरचा आवाज आला म्हणून अख्खा डबाच पर्समध्ये टाकला आणि कपाट तसंच राहिलं. त्या दिवशी सांगणार होती. मग सगळ्यांनी पार्वतीकडे बघितलं आणि ती गप्प राहिली.

"आणि जुडगा?" हेरंबने विचारलं.

"सकाळी दिसला. पाण्यात. पानं काढायच्या जाळीने काढला." ती थांबली. "तेव्हा मात्र मी विचार केला होता."

"का?" तात्यारावांनी विचारलं.

"मी रोज फोन करत होते, बाबा. आठ वाजता. तुम्ही दोन मिनिटं बोलायचात आणि फोन तिच्याकडे द्यायचात. तुमचं औषध, तुमचं जेवण, सगळं मला ती सांगायची. ती गेली की तुम्ही मला बोलवाल असं वाटलं." तिने तोंड फिरवलं. "तुम्ही बोलवलं नाहीत. तुम्ही एकटेच राहिलात."

दागिने तिच्या गुरुग्रामच्या घरात होते. तिने एकदाही घातले नव्हते.

तात्याराव उठायला लागले. हेरंबने हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. वॉकर धरून उभे राहिले आणि पार्वती कुठे आहे ते देविकाला विचारलं. मग म्हणाले, "शालू, गाडी काढ. आधी तिच्याकडे, मग चौकीत. तू तिथे स्वतः सांगशील."

करोल बागेत त्या जिन्याच्या दोन मजल्यांना तात्यारावांना वीस मिनिटं लागली. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला देविका. शालिनी मागून येत होती. संध्याकाळच्या जेवणाची वेळ झाली होती आणि मुलं बसली होती. पार्वती दारात आली. तात्यारावांनी हात जोडले. मुलांच्या हातातले घास थांबले.

"हिने काही चोरलं नव्हतं," तात्याराव सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाले. "चोरी माझ्या घरात झाली, माझ्या माणसाने केली. मी हिला एक प्रश्नसुद्धा नीट विचारला नाही."

शालिनी पुढे झाली. तिला माफी मागायची होती. पार्वतीने तिच्याकडे बघितलं, मग खाली बघितलं.

"पोलिसांत सांगा, ताई," ती म्हणाली. "तेवढं लिहून द्या."

"आत्ता तिथेच चाललोय," तात्याराव म्हणाले. "आणि तू घरी चल."

पार्वतीने हाताचं पीठ पदराला पुसलं. आत तवा तापला होता, त्याचा वास बाहेर येत होता.

"नाही तात्या," ती म्हणाली. "तुमच्या गोळ्या संध्याकाळी सातच्या असतात. जेवणानंतर. ते लक्षात ठेवा." आणि ती आत गेली.

सूरजकुंडच्या चौकीतलं काम संपायला त्या रात्री दीड तास लागला. त्याआधी, करोल बागेहून तिकडे परतताना, शालिनी गाडी चालवत होती. तात्याराव मागच्या सीटवर देविकाशेजारी बसले होते आणि पुढची सीट रिकामी होती. राजेंद्र प्लेस गेलं, धौला कुआं गेलं. आश्रमच्या सिग्नलला गाड्यांची रांग लागली. शालिनीच्या बाजूची काच उघडी होती आणि फेब्रुवारीचा गार वारा आत येत होता. ती समोर बघत होती. गाल ओले होते, ते तिने पुसले नव्हते.

सिग्नल दोनदा हिरवा होऊन लाल झाला.

"शालू," तात्याराव म्हणाले, "काच वर कर. गार लागेल तुला."

तिने काच वर केली.